विश्लेषण : पंपाशिवाय पाणी आणणारे शहर तहानलेले का? खडकी ते छत्रपती संभाजीनगर, चारशे वर्षांचा प्रवास

डिजिटल डेस्क

बीबी का मकबरा, ‘बावन्न’ दरवाजे, वेरूळ-अजिंठ्याला निघालेल्या पर्यटकांच्या गाड्या आणि वाळूजची एमआयडीसी. छत्रपती संभाजीनगर म्हटले की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांसमोर साधारण हेच येते. बातम्यांमध्ये मात्र हे शहर दोनच कारणांनी सतत असते, एक नाव आणि दुसरे पाणी. नावावर भरपूर बोलून झाले आहे. पाण्याची गोष्ट मात्र आठ दिवसांनी येणारा नळ आणि रखडलेली योजना इथेच थांबते. खरे तर हे शहर ज्या जागी आहे, तिथे पाणी नीट आणता आले म्हणूनच ते मोठे झाले. मग तेच शहर तहानलेले कसे राहिले?

नदीकाठ नसताना शहर इथे का वसले?

महाराष्ट्रातील बहुतेक जुनी शहरे मोठ्या नदीच्या काठी आहेत. पैठण, नाशिक आणि नांदेड गोदावरीवर, तर वाई आणि कराड कृष्णेवर. संभाजीनगरला असा भक्कम नदीकाठ नाही. शहरातून खाम नदी वाहते, पण ती छोटी आहे आणि पावसाळा सरला की तिचा ओढा होतो. गोदावरी आहे ती दक्षिणेला सुमारे ५० किलोमीटरवर. वर्षाचा पाऊस सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास आणि जमिनीखाली काळा बेसाल्ट, म्हणजे पाणी सहजासहजी न मुरणारा खडक.

तरीही ही जागा निवडण्यामागे कारण होते. पंधरा किलोमीटरवर देवगिरी म्हणजेच दौलताबादचा किल्ला. उत्तरेकडून दख्खनमध्ये उतरणारा रस्ता याच भागातून जाई. उत्तरेला आणि दक्षिणेला डोंगररांगा, मध्ये सपाट पट्टा. फौज ठेवायला आणि हलवायला सोयीची जागा. इथे खडकी नावाचे एक छोटे गाव होते. १६१० मध्ये निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने तिथे राजधानी आणली.

मलिक अंबर कोण होता?

आजच्या इथिओपियात १५४८ च्या सुमारास जन्मलेला, लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेलेला आणि हातोहात विकला जात दख्खनपर्यंत पोहोचलेला हा माणूस. मुघलांनी १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला घेतला, तेव्हा निजामशाही संपल्यातच जमा होती. मलिक अंबरने ती पुढे पाव शतक लढती ठेवली. समोरासमोरच्या लढाईऐवजी शत्रूची रसद तोडायची, त्याला डोंगरदऱ्यांत खेळवायचे, ही युद्धपद्धती त्याने आणि त्याच्यासोबतच्या मराठा सरदारांनी वापरली. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्याच बाजूने लढले होते.

खडकीच्या जुन्या वस्त्यांमध्येही या सोबतीच्या खुणा सापडतात. मालपुरा, खेलपुरा, परसपुरा, विठापुरा अशी नावे जुन्या नोंदींत आढळतात. ती मालोजी, खेलोजी, परसोजी, विठोजी या मराठा सरदारांवरून पडलेली. भोसल्यांचे वेरूळ इथून जेमतेम तीस किलोमीटरवर आहे, हे लक्षात घेतले की ही नावे अनोळखी वाटत नाहीत.

मुघल फौजेने ही नवी राजधानी १६१६ मध्ये उद्ध्वस्त केली आणि १६२१ मध्ये पुन्हा एकदा. दोन्ही वेळा गाव परत उभे राहिले. राजधानीत फौज, कारखाने, बाजार, जनावरे आणि बागा होत्या. या सगळ्यांना विहिरींवर किती दिवस जगवणार? याचे उत्तर म्हणून १६१० च्या दशकात ‘नहर-ए-अंबरी’ बांधली गेली.

नहर म्हणजे नेमके काय?

‘नहर’ म्हटल्यावर उघडा कालवा डोळ्यांसमोर येतो. इथल्या नहरी मात्र जमिनीखालून जातात. ही रचना तीन टप्प्यांत समजून घेता येते.

पहिला टप्पा पाणी गोळा करण्याचा. शहराच्या उत्तरेकडील डोंगरांच्या पायथ्याशी पावसाचे पाणी झिजलेल्या मुरमाच्या थरात उतरते आणि खालच्या कठीण खडकावर अडते. त्या थरात विहिरी आणि बोगदे खोदले की हे पाणी झिरपत त्यात जमा होते. थोडक्यात, नहरीचा उगम हा तलाव किंवा नदी नाही. तो भूजलाचा साठा आहे.

दुसरा टप्पा वाहतुकीचा. उगम उंचावर, शहर खाली. बोगद्याला आणि पुढे दगडी बांधकामाच्या वाहिनीला अगदी बेताचा उतार दिला की पाणी स्वतःच्या वजनाने वाहत येते. उतार जास्त झाला तर पाणी बांधकाम झिजवते, कमी झाला तर गाळ बसतो. हा हिशेब त्या काळी कित्येक किलोमीटर सांभाळला गेला. वाटेत ठरावीक अंतरावर उभे हौदवजा मॅनहोल आहेत. माणूस आत उतरून गाळ काढू शकेल, असे ते केलेले आहेत.

तिसरा टप्पा वाटपाचा. शहराजवळ आले की पाणी भाजलेल्या मातीच्या खापरी नळांतून बंदिस्त जाते. वाटेत खोलगट भाग आला तर? इथे सायफनचे तत्त्व कामी येते. बांधकामावर गवंडी पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने लेव्हल काढतात, ते आपण पाहिलेले असते. नळी मध्ये कितीही खाली लोंबू द्या, दोन्ही टोकांचे पाणी एकाच पातळीवर येते. बंदिस्त नहरीतही हेच घडते. पाणी खड्ड्यात उतरते आणि पलीकडे पुन्हा चढते, फक्त पलीकडची बाजू उगमापेक्षा खाली असायला हवी.

शहरात आजही काही ठिकाणी विटांचे उंच मनोरे दिसतात. जुन्या धुराड्यांसारखे दिसणारे हे मनोरे नहरीचा भाग आहेत. बंद नळात हवा अडकली की प्रवाह तुटतो. मनोऱ्यात पाणी वर चढते, अडकलेली हवा निघून जाते, नळावरचा जादा दाब कमी होतो आणि तिथूनच वेगवेगळ्या मोहल्ल्यांकडे पाणी वळवता येते. आजच्या भाषेत सांगायचे तर एअर व्हॉल्व्ह, प्रेशर ब्रेक आणि वाटपाची टाकी, ही तिन्ही कामे तो एकच मनोरा करतो. विजेचा किंवा इंजिनाचा प्रश्नच येत नाही.

पाणचक्की याच व्यवस्थेचा भाग आहे का?

होय. मलिक अंबरनंतर ही कला थांबली नाही. पुढच्या शतकभरात थत्ते नहर, पळशी नहर अशा आणखी नहरी झाल्या. पाणचक्कीची नहर सतराव्या शतकाच्या अखेरीची. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात ती येते. कित्येक किलोमीटरवरून आलेले पाणी तिथे उंच भिंतीवर चढते, धबधब्यासारखे हौदात पडते आणि त्याच्या जोरावर पात्यांचे चाक फिरून जाते ओढले जाते. या जात्यावर दर्ग्यात उतरणारे फकीर आणि यात्रेकरू यांच्यासाठी पीठ निघत असे. हौदाखाली मोठे दालन आहे. छतावर पाणी असल्याने ते भर उन्हाळ्यातही गार राहते.

पर्यटक धबधब्यापुढे फोटो काढतात आणि परत फिरतात. डोंगरापासून इथवर येणारी वाहिनी, म्हणजे या वास्तूतला खरा अवघड भाग, जमिनीखाली असल्याने कुणाला दिसत नाही. देखभालीच्या बाबतीतही नेमके हेच तिच्या मुळावर आले.

शहरात इतके ‘पुरे’ आणि दरवाजे कशामुळे?

१६२६ मध्ये मलिक अंबरचा मृत्यू झाला. त्याच्या मुलाने, फतेहखानाने, गावाचे नाव फतेहनगर केले. दहा वर्षांत निजामशाही बुडाली. शाहजादा औरंगजेब दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार म्हणून आला तेव्हा, १६५३ मध्ये, शहराचे नाव औरंगाबाद झाले. पुढे बादशाह म्हणून तो दख्खनच्या मोहिमेवर उतरला आणि मराठ्यांच्या हल्ल्यांच्या धास्तीने १६८२ मध्ये शहराभोवती तटबंदी घातली गेली. चार दिशांना चार मुख्य दरवाजे आणि त्यांच्यासोबत अनेक लहान दरवाजे. ‘बावन्न दरवाज्यांचे शहर’ ही ओळख तिथून आली. सर्वांत जुना भडकल दरवाजा मात्र तटबंदीच्याही आधीचा, १६१२ चा. मुघलांवरील विजयाची आठवण म्हणून मलिक अंबरने तो उभारला होता.

मुघल छावणीसोबत राजपूत सरदारही आले आणि त्यांच्या तळांच्या वस्त्या झाल्या. बिकानेरच्या राजा कर्णसिंहावरून कर्णपुरा, त्याचा मुलगा पदमसिंह याच्यावरून पदमपुरा, बुंदेला सरदारावरून पहाडसिंगपुरा. त्याच कर्णपुऱ्यात आज नवरात्रात देवीची मोठी यात्रा भरते. राजाबाजारातला संस्थान गणपती शहराचे ग्रामदैवत आहे. थोडे पुढे गेले की शहागंज आणि सिटी चौक लागतात. एका रस्त्यावर चालताना निजामशाही, मुघल, राजपूत आणि मराठा अशी चार नावे लागतात आणि लोक ती पत्ता सांगताना सहज वापरतात.

शिवाजी महाराजांचाही या शहराशी थेट संबंध आला. १६६६ मध्ये आग्र्याला जाताना ते इथे थांबले होते. शहरातला मुघल अधिकारी सफशिकनखान सामोरा आला नाही. महाराजांनी हा अपमान चुकवून घेतला नाही. ते त्याच्या कचेरीकडे न जाता थेट आपल्या मुक्कामी गेले आणि अखेर खानालाच भेटीला यावे लागले. पुढच्याच वर्षी, मुघलांशी तह असताना, बाल संभाजीराजेही शाहजादा मुअज्जमच्या भेटीसाठी इथे आले होते.

याच काळात बीबी का मकबरा झाला. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू हिच्या स्मरणार्थ मुलगा आझमशाह याने तो बांधला. वास्तुकार अताउल्ला आणि अभियंता हंसपतराय यांची नावे तिथे कोरलेली आहेत. त्या काळच्या इमारतीवर अभियंत्याचे नाव सापडणे ही दुर्मीळ गोष्ट. मकबऱ्याच्या बागेतली कारंजीही पाण्याच्या दाबाच्या हिशेबावरच बसवलेली आहेत.

राजधानी गेली, मग शहर टिकले कसे?

हैदराबादच्या निजामांची सुरुवातीची राजधानी औरंगाबादच होती. १७६३ मध्ये ती हैदराबादला हलली. दरबार गेला तसे सरदार गेले आणि त्यांच्यामागे कारागिरांचे गिऱ्हाईकही गेले. शहर पुढची जवळपास दोनशे वर्षे आक्रसत राहिले.

पण काही गोष्टी मागे राहिल्या. रेशीम आणि सुताची हिमरू शाल त्यातलीच. अस्सल जरीच्या किनखाबासारखे दिसणारे, पण परवडणारे कापड अशी तिची ख्याती. नान खलिया हा फौजेच्या रसोड्यातून आलेला मानला जाणारा पदार्थ आजही लग्नाच्या पंगतीत असतो. आणि भाषा. उर्दू गझलेचा पाया घालणाऱ्यांत गणला जाणारा वली आणि त्याच्यानंतरचा सिराज, हे दोघेही औरंगाबादचे. इथल्या बोलीतली दखनी उर्दू मराठीच्या ‘नको’चे ‘नक्को’ करते आणि इथली मराठीही उर्दू शब्दांना परके मानत नाही.

१९०० मध्ये मनमाड-हैदराबाद रेल्वेमार्ग सुरू झाला आणि शहर पुन्हा बाहेरच्या जगाशी जोडले गेले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि मराठवाडा मुक्त झाला. त्यानंतर १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मिलिंद महाविद्यालय सुरू केले. खेड्यापाड्यांतल्या दलित मुलांसाठी नागसेनवनाचा तो परिसर उच्च शिक्षणाचे दार ठरला. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ आले. त्याला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव १९७८ मध्ये झाला, मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले आणि नामविस्तार प्रत्यक्षात यायला १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. नाव हा या शहरात कधीच साधा विषय नव्हता. शहराच्या नव्या नावाला केंद्राची मंजुरी मिळाली ती फेब्रुवारी २०२३ मध्ये, साडेतीन दशकांच्या राजकारणानंतर.

मग पाण्याचे गणित कुठे बदलले?

शहर वाढले तिथे. सिडकोची नवी वसाहत, १९८१ मध्ये उच्च न्यायालयाचे खंडपीठ, १९८२ मध्ये महापालिका, १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना. पाठोपाठ शेंद्रा आणि आता बिडकीनचा औद्योगिक पट्टा. २०११ च्या जनगणनेत महापालिका हद्दीची लोकसंख्या पावणेबारा लाख होती. इतक्या लोकांना पायथ्याच्या झऱ्यांवर पोसता येत नाही, हे उघड होते.

पर्याय होता पैठणचे जायकवाडी धरण. १९७६ मध्ये पूर्ण झालेला हा जलाशय, नाथसागर, सुमारे १०२ टीएमसी क्षमतेचा आहे. साठा प्रचंड, पण एक अडचण होती. धरणाची पूर्ण संचय पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ४६४ मीटर, तर शहर सुमारे ५६८ मीटरवर. म्हणजे नहरीचे पाणी डोंगरावरून खाली यायचे आणि आजचे पाणी दरीतून वर चढवायचे.

या फरकाची किंमत काढता येते. एक हजार लिटर पाणी १०० मीटर उचलायला निव्वळ भौतिकशास्त्राच्या हिशेबाने ०.२७ युनिट वीज लागते. रोज १० कोटी लिटर उचलायचे म्हटले तर २७ हजार युनिटच्या वर. हा किमान आकडा झाला. पंपाची कार्यक्षमता आणि पाइपमधले घर्षण धरले की खरा खर्च बराच वाढतो. वीज गेली, पंप बिघडला किंवा वाटेत जलवाहिनी फुटली की शहराचे वेळापत्रक एक-एक दिवस पुढे ढकलले जाते. गेल्या काही वर्षांत अनेक वस्त्यांना नळाचे पाणी आठ-दहा दिवसांनी मिळाले, ते धरण कोरडे होते म्हणून नव्हे. धरण भरलेले असतानाही हेच चित्र होते. अडचण धरण आणि नळ यांच्या मधल्या टप्प्यात आहे.

यावर उपाय म्हणून १,६८० कोटी रुपयांच्या योजनेचे भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये झाले. तिचा खर्च नंतर २,७०० कोटींच्या पुढे गेला. अडीच मीटर व्यासाची, सुमारे ३९ किलोमीटरची मुख्य जलवाहिनी हा तिचा कणा. कामाच्या गतीवरून खंडपीठालाही वारंवार लक्ष घालावे लागले.

शिवाय धरणात पाणी येणेही शहराच्या हातात नाही. ते नाशिक आणि अहिल्यानगरच्या धरणांतून खाली सुटते. जायकवाडीत १५ ऑक्टोबरला ६५ टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडावे, असे समन्यायी वाटपाचे सूत्र आहे. कमी पावसाच्या वर्षी त्यावरून दरवेळी वाद पेटतो.

नहरी पुन्हा सुरू केल्या तर प्रश्न सुटेल?

नाही. पूर्ण शहराची तहान नहरींनी भागेल, हा भाबडा समज आहे. त्या हजारोंच्या वस्तीसाठी होत्या. पण म्हणून त्या निरुपयोगी ठरत नाहीत. बागा, दर्गे, मंदिरे, सार्वजनिक स्वच्छतागृहे, बांधकामे आणि जुन्या शहरातले सांडपाण्याव्यतिरिक्तचे वापराचे पाणी यातला काही वाटा त्या उचलू शकतात. तेवढे जायकवाडीचे महागडे पाणी वाचेल.

अडथळे तीन आहेत. पहिला, उगमाजवळच्या परिसरातल्या बोअरवेल. नहर भूजलावर चालते आणि पाणीपातळी बोगद्याच्या खाली गेली की ती आपोआप कोरडी पडते. दुसरा, अतिक्रमण. नहर जमिनीखाली असल्याने तिच्यावर घर किंवा रस्ता बांधताना कुणाला काही वाटत नाही. एकही मॅनहोल बुजला किंवा नळ तुटला की पुढचा भाग मरतो. तिसरा, सांडपाणी. ड्रेनेज शेजारून गेले आणि नहरीला तडा असेल तर चारशे वर्षांची पेयजलाची वाहिनी गटाराची होते.

स्मार्ट सिटी योजनेतून काही दरवाज्यांची डागडुजी झाली. ती झाली हे चांगलेच. दरवाजा दिसतो, त्यावर रोषणाई करता येते. नहरीवर रोषणाई करता येत नाही. तिच्यासाठी करायची कामे कंटाळवाणी आहेत. पूर्ण मार्गाचा नकाशा काढून तो विकास आराखड्यात नोंदवायचा, त्या पट्ट्यात बांधकाम परवानगी द्यायची नाही, उगमाजवळ नव्या बोअरला मनाई करायची आणि दरवर्षी पावसाळ्याआधी गाळ काढायचा.

सामान्य नागरिकाला यातून काय कळते?

नवी जलवाहिनी पूर्ण क्षमतेने चालली तर टँकर आणि छतावरच्या टाक्यांवरचे अवलंबन कमी होईल. पण ती जुनी होईल, तेव्हा तिच्याही सांध्यांची देखभाल करावीच लागेल. मलिक अंबरच्या अभियंत्यांनी वाहिनी बांधतानाच तिच्यात उतरण्याच्या जागा ठेवल्या होत्या, कारण ती तुंबणार हे त्यांनी गृहीत धरले होते. अडीच हजार कोटींहून मोठ्या योजनेचे लोकार्पण होईल तेव्हा फीत कोण कापतो याची चर्चा होईलच. त्या दिवशी विचारायचा प्रश्न वेगळा आहे. पुढची तीस वर्षे देखभालीसाठी दरवर्षी किती पैसे राखून ठेवले आहेत आणि ते खर्च करण्याची जबाबदारी कुणाची?